उंबऱ्यातला मेजर

२ नोव्हेंबर १९३१
पोचलो एकदाचा! गोंदियाहून रेल्वेनं अर्जुनी, पुढं केशोरीपर्यंत बैलगाडी. कंबरडं पार ढिलं झालं. पण बंगला पाहिला आणि शीण गेला. समोर तलाव, सभोवती कापणीला आलेला धान, आणि लाकूडवाल्या शेठच्या मुनीमाला राहायला चक्क गोऱ्या साहेबाचं घर! साहेब पोळ्याच्या सुमारास या तलावात बुडाला. मागं राहिला खुंटीवर एक लोकरी कोट आणि मेजर नावाचा कुत्रा. शेठ म्हणाला, कुत्राही सांभाळावा लागेल. म्हटलं, सांभाळू की. बायको, शामकला, गेली तेव्हापासून मी भिंतींशीच बोलतोय.

कुत्रा म्हणजे ध्यान आहे! धड दांडगं, पाय वीतभर, कान भुईवर लोळतात. तोंड असं की याच्या घरी रोज कुणीतरी मरतं.

५ नोव्हेंबर
मेजर खात नाही. वाडग्यात कान बुडतात म्हणून ते डोक्यावर फडक्यानं बांधून पाहिले. पाटलीणबाई दिसायला लागला. सैपाकीण सुमित्राबाई हसून हसून बेजार झाली. कान आतून कोमट पाण्यानं पुसले, जवसाचं तेल लावलं. गुमान लावून घेतो. पण माझ्याकडं बघतही नाही, सारा दिवस खुंटीखाली बसून कोट हुंगतो. असाच राहिला तर मरेल. मला आणखी एक मरण घरात नको.

८ नोव्हेंबर
थंडी पडली, आणि डोक्यात आलं म्हणून कोट अंगात घातला. मेजर शेपूट हलवत आला, माझ्या हातून दूधभात खाल्ला, पायावर मान टाकून झोपला. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी मोठ्यानं हसलो.

सुमित्राबाई मात्र चिडली. "बाबूजी, मेल्या माणसाचा कोट काऊन घालून राहिले? आमच्यात असे कपडे त्याच्यासंगंच जाळतेत." म्हटलं, साहेबाला पुरलंय, जाळलं कुठं? तिनं पदर तोंडाला लावला आणि चुलीकडं गेली.

१३ नोव्हेंबर
मेजर वजन धरतोय. पण नवं खूळ: दिवेलागणीला मी तलावाकडं फिरायला निघालो की उंबऱ्यात आडवा पडतो. धोंडा नुसता! आज अडखळून आपटलोच. चार शिव्या हासडल्या, ओलांडून गेलो. पाण्याशी बरं वाटतं. तिथं काहीच दुखत नाही, शामकलासुद्धा नाही.

१७ नोव्हेंबर
जेवणाला चव नाही. सुमित्राबाई म्हणते मीठ बरोबर आहे. कंदिलाच्या काचेवर हात टेकला होता, कातडी जळल्याचा वास आला तेव्हा कळलं. दुखलं नाही.

शामकलेची गोधडी काढली. मेजर तिच्यावर भुंकला, चोर घरात शिरावा तसा. गोधडीला आता शामकलेचा वास कमी, माझाच जास्त. रोज मीच पांघरतो ना. म्हणजे तो माझ्याच वासावर भुंकला. मग मी कोट काढून ठेवला आणि नुसता हात पुढं केला. हात त्यानं प्रेमानं चाटला. म्हणजे कोटाशिवायही हाताला आता माझा वास नाही.

१९ नोव्हेंबर
चौकीदार कवडूला खोदून विचारलं. आधी टाळत होता. मग म्हणाला, "साहेबबी शेवटी असाच सुन्न झाला होता, बाबूजी. मेजर दारात आडवा पडे, जाऊच देत नव्हता. त्या दिसी साहेबानं त्याले खांबाले बांधला, अन् गेला."

खांब पाहिला. दोरीनं घासल्याची खूण आहे. आणि मी मूर्ख त्याला खूळ म्हणत होतो! कोट कवडूसमोर अंगणात जाळला. मला मरायचं नाही. हे इथं लिहून ठेवतो, मला मरायचं नाही.

संध्याकाळी मेजर उंबऱ्यात आडवा.

२१ नोव्हेंबर
धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. कधी गेलो होतो ठाऊक नाही — मेजरनं सोगा दातात धरून मागं ओढला असणार, फाटलाय. त्याला जवळ घ्यायचं होतं. शीळ घालून बोलावलं.

मला शीळ घालता येत नाही. जन्मात आली नाही.

२२ नोव्हेंबर
कवडूला सांगायचं होतं, मला कोंडून ठेव. तोंडातून निघालं — उद्या तू आणि सुमित्राबाई बाजार करून या. सावकाश या. तो बरं म्हणाला. मी का नाही —

मेजर खात नाही. माझ्याकडं बघत बसतो.

२३ नोव्हेंबर
घरात कुणी नाही. ऊन उतरलं.

मेजर उंबऱ्यात. हटत नाही. ओलांडू लागलो की पोटरी धरतो — रक्त आलं, दुखत नाही.

दोरी त्याच खांबाच्या खिळ्याला होती. गाठ चांगली बसली. ही गाठ मी कधी शिकलो नव्हतो —

एक कान दोरीखाली आला होता. सोडवून नीट ठेवला. तेल लावायचं राहिलं आज.

रडू नको म्हटलं. येतो म्हटलं. साहेबानंही असंच —

शामकलेचं तोंड आठवून पाहतो. ते आठवलं तर थांबेन. गोरी होती की सावळी — कपाळाला —

भुंकतोय. भुंक, मेजर, अजून जोरात, कवडू वाटेवर असेल तर —

उंबरा मोकळा आ