दोन्ही कळ्या सारख्याच ओल्या

प्रिय अप्पा,

उद्या सकाळच्या गाडीनं मी पुण्याला निघतेय. होस्टेलला पत्र्याची पेटीच न्यायची म्हणून अव्वा हटून बसलीय, मी बॅग म्हणतेय. त्या भांडणातून सुटून गच्चीवर आले आणि लिहायला बसले. जायच्या आधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालायचीय. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, कारण तिच्यात तुम्हीपण अडकलाय.

आधी बातमी. मला इलेक्ट्रिकलला सीट लागली, अप्पा! पुण्याच्या कॉलेजात, जे मी पहिल्या नंबरावर टाकलं होतं तिथंच. तुम्ही असता तर काय केलं असतं मला ठाऊक आहे. मैंदर्गीच्या गिरणीत दळण घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला थांबवून सांगितलं असतं, आणि तोवर कुणाचं तरी पीठ भरड निघालं असतं.

गिरणी आता काका चालवतात. चांगली चालवतात, उगाच कशाला खोटं बोलू? पण मोटार तापली का ते बघायला ते सरळ तळवा टेकवतात. मला बघवत नाही. तुम्ही कायम उलटा हात लावायचात. मी लहान असताना तळवा पुढं केला तर माझ्या हातावर फटका मारला होतात, आणि वर म्हणालात, "का ते तू शिक आणि मला सांग."

शिकले की. करंट बसला की मूठ आवळते, तळवा लावला असेल तर हात त्या वस्तूलाच धरून बसतो. उलटा हात निदान सुटतो. बारावीत हे नीट कळलं तेव्हा सांगायला तुम्ही नव्हता. विचारून ठेवायचं आणि उत्तर ऐकायला थांबायचं नाही, ही काय रीत झाली? मला याचा अजून राग आहे.

असो. कॉलेजचं सांगते.

फॉर्ममध्ये कॉलेजं ओळीनं टाकायची असतात. पहिल्या नंबरावरचं लागलं तर तेच घ्यावं लागतं, मग माघार नाही. काकांचं म्हणणं, सोलापुरात मी आणि अव्वा राहतो त्या खोलीजवळचंच कॉलेज पहिलं टाक. तिथं इलेक्ट्रिकल नाही, कम्प्युटर आहे. मग कम्प्युटर कर. सगळेच करतात. खोलीवरून जा-ये होईल, वहिनी एकटी पडणार नाही. इलेक्ट्रिकल म्हणजे खांबावर चढायचं काम, असं ते चारचौघांत म्हणाले. मी म्हटलं, चढायची वेळ आली तर चढेन. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

काका वाईट नाहीत, अप्पा. तुम्ही गेल्यापासून आमच्यासाठी किती करतात ते मी बघते. म्हणून तर त्यांच्याशी भांडणं लई अवघड जातं. वाईट माणसाशी मी कधीच भांडून मोकळी झाले असते.

कॉलेज नुसतं नावावरून निवडायचं नाही असं मी ठरवलं होतं. अव्वानं शिवायला आणलेले शाळेचे युनिफॉर्म एक दिवस बाजूला ठेवले आणि आम्ही दोघी पुण्याला जाऊन आलो. कुर्डुवाडी यायच्या आत तिनं भाकरीचं गाठोडं सोडलं, समोरच्या बाईला शेंगाचटणी वाढली आणि तिच्याकडून पुण्यातल्या होस्टेलांची सगळी माहिती काढून घेतली. कॉलेजात गेल्यावर तिनं मुलींच्या होस्टेलला कुंपण कसलंय ते विचारलं. मी विचारलं, मोटारींची लॅब बघायला मिळेल का?

मिळाली. आत प्रॅक्टिकल चाललं होतं. माझ्याहून थोडीच मोठी एक मुलगी मोटार बंद करून तिच्याजवळ वाकली आणि तिनं हात पुढं केला. उलटा. अप्पा, अगदी तुमच्यासारखा. मी अव्वाकडे बघितलं तर ती आधीच डोळ्याला पदर लावून उभी होती. तिथंच माझं ठरलं. कुणी म्हणेल, कॉलेज असं निवडतात का? मी असंच निवडलं.

पण आपल्या घरात माणसानं ठरवून भागतं का? फॉर्म भरायची मुदत संपायला आली तसे काका म्हणाले, मैंदर्गीला या, मल्लय्याला कौल लावू.

आता नाही कशी म्हणणार? बोअर मारायची म्हणून कौल, आत्याच्या लग्नाला कौल, गिरणीचा पट्टा बदलायचा तरी कौल. देवाच्या दोन खांद्यांवर तगरीच्या दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मोठी मोठी माणसं श्वास रोखून कळीकडे बघत बसतात. मीही बसत आले.

आता ती गोष्ट. दहावीनंतर मला सोलापूरला शिकायला ठेवायचं का, म्हणून तुम्ही कौल लावलात. सगळे नको म्हणत होते. मी तुमच्या शेजारीच बसले होते. डावी कळी तुम्ही चांगली बुचकळून अंगठ्यानं दाबून बसवलीत आणि उजवीला नुसतं पाण्याचं बोट लावलंत. ती काय टिकतेय! पुजाऱ्याची घंटा थांबायच्या आत खाली. घरी येताना मी तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही म्हणालात, "त्याला ठाऊक हाय की माझ्या मनात काय हाय. उगं ताटकळत कशाला ठेवायचं?"

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. त्या एका कोरड्या कळीवर मी सोलापूरला आले, हे मला विसरता येत नाही.

तर मागच्या महिन्यात आम्ही देवळात बसलो. काका, काकू, अव्वा, मी. कळ्या घरातल्या कर्त्या माणसानं लावायच्या, म्हणजे आता काकांनी. त्यांनी देवाला विचारलं, पोरीला पुण्याला धाडू का? मग उजवी कळी तांब्यात बुचकळली आणि अंगठ्यानं दाबून बसवली. डावीला नुसतं बोट लावलं.

मला आधी हसूच आलं. मग एकदम भीती वाटली. तुम्ही केलंत तेव्हा मला ते गोड वाटलं होतं, अप्पा. तेच माझ्यावर उलटलं तेव्हा कळलं की ते किती सोपं असतं.

मी उठले. म्हटलं, "काका, थांबा. कळ्या मी लावते. दोन्ही सारख्याच ओल्या करते."

काकूनं माझा हात धरला. मी तो सोडवला, दोन्ही कळ्या काढल्या, दोन्ही तांब्यात बुडवल्या आणि लावल्या. काका खाली बघत होते. आम्ही बसलो. किती वेळ बसलो कोण जाणे. पुजाऱ्यानं दुसऱ्यांदा समईत तेल घातलं, तरी दोन्ही कळ्या जागच्या जागी.

तेव्हा अव्वा उठली. तुम्ही गेल्यापासून ती काकांसमोर चढ्या आवाजात बोललेली नाही. तेव्हाही चढा नव्हताच. ती म्हणाली, "भावजी, देवाला विचारून झालं. मी एकटी पडेन म्हणता, तर मला कुणी विचारलं का? मी ऱ्हाईन. पोरगी पुण्याला जाईल."

काकांनी एकदा दोन्ही कळ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझा बाप, आमचा अण्णा, उजवी कोरडी ठेवायचा. मला दिसत न्हवतं व्हय? मी बघून गप्प बसायचो." आणि थोडं थांबून म्हणाले, "तू काय गप्प बसणारी न्हाईस. जा."

म्हणजे तेव्हा काकांनाही दिसलं होतं! सगळे विरोधात असताना त्यांनी बघितलं आणि तोंड उघडलं नाही. सोलापूरला मला तुम्ही एकट्यानं नाही पाठवलंत, हे तुम्हाला तरी माहीत होतं का?

आम्ही उठलो तेव्हा दोन्ही कळ्या देवाच्या अंगावर होत्या. त्याच दुपारी सोलापूरला येऊन फॉर्म भरला. बटण मी दाबलं, अव्वानं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. पुजारी सांगत होता म्हणे, आपण गेल्यावर एक कळी पडली. कुठली ते काका बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

तर अप्पा, तुम्हाला शब्द देते. डिग्री हातात येईपर्यंत मी ते विचारणार नाही. मन लावून शिकेन, आठवड्याला अव्वाला फोन करेन, आणि दिवाळीला आले की काकांना उलटा हात लावायला शिकवेन, मग ते कितीही चिडले तरी. शेवटचा पेपर झाला की तडक मैंदर्गीला येईन आणि काकांना विचारेन, त्या दिवशी कुठली पडली होती? उजवी म्हणाले तर मल्लय्यापुढं पेढे ठेवेन.

डावी म्हणाले तरी ठेवेन.

अव्वा खालून हाक मारतेय. पेटीच न्यावी लागणार असं दिसतंय.

तुमची,
गंगव्वा