देवरामची मोजणी

२ डिसेंबर २००१, रविवार

सहाला धरणावर. काकडलो! कानटोपीतूनही वारा शिरत होता. पाण्यावर धुकं, पलीकडचा काठ गायब. देवराम होडी घेऊन तयार — मासे धरण्यात इथेच त्याची चाळीस वर्षं गेली. मी दुर्बीण पुसतोय तोवर म्हणाला, "गुरुजी, चक्रवाक आलेत. डाव्या अंगाला. सात जोड्या." मग हळदीकुंकू बदकं, मग शेकाट्या. भराभर. मी नुसता लिहीत गेलो. मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण असं काही मला येत नाही. हेवा वाटतो, खोटं कशाला लिहू?

१६ डिसेंबर

लिहूनच टाकतो. डोळ्यांपुढे जाळं धरतंय. दुर्बिणीतून सगळं दुधाळ दिसतं. घरी बोललो नाही — सूनबाई, म्हणजे सरिता, धरणावर जाणंच बंद करील. आणि जानेवारीतली पक्षीगणना? अकरा वर्षं इथला तक्ता माझ्या हातचा. तो गेला तर माझ्याकडे उरतं काय?

३० डिसेंबर

देवराम आहे म्हणून निभतंय. आज पाणकावळे किती विचारलं, तर म्हणाला, "ते गप बसत्यात. ते तुमी बघा." मला मान देतो बिचारा. मी नऊ मोजले.

१३ जानेवारी २००२

गणना. कॉलेजातला रविराज तिवईवरची मोठी दुर्बीण घेऊन आला होता. त्याने काठावरून मोजलं — चक्रवाक चौदा. देवरामच्या सात जोड्या तंतोतंत! शेकाट्याही जुळल्या. काय माणूस आहे हा!

मग रविराज हळूच म्हणाला, "सर, ते पाणकावळे नाहीत. बाभळीची खुंटं आहेत."

नऊ खुंटं. दोन आठवडे मी खुंटं लिहून ठेवली होती. पोरगा हसला नाही, तेच जास्त लागलं. तिथेच कबूल केलं, दिसत नाही म्हणून. तक्ता आणि पेन त्याच्या हातात दिलं.

२२ जानेवारी

सरिता आधी रागावली, मग तिनेच घोटीच्या नेत्रशिबिरात नाव घातलं. देवराम म्हणतो, "मी येतो संगं. एकलं कसं जानार तुमी?"

२७ जानेवारी

डॉक्टरांनी सहज देवरामचेही डोळे तपासले. मग मला बाजूला घेतलं. "तुमचं ऑपरेशन महिनाभर थांबेल. यांचं आधी करू. दोनेक वर्षं तरी यांना समोरचा माणूससुद्धा नीट दिसत नसणार."

म्हणजे चक्रवाक, शेकाट्या — सगळं नुसतं कानांनी! बोललास का नाही, म्हटलं.

"मला वाटलं, तुमाला दिसतंय. माझं चुकलं तर सांगाल."