तुम्ही होत्या ना तिथं

॥ श्री ॥
अमडापूर, ता. १३ जानेवारी १९६४

चि. सौ. कोकिळेस अ. उ. आशीर्वाद. सभापती अर्जुनरावांच्या शेतातला हुरडा खाऊन सुखरूप पोचलो. पंचायत समितीत सभासद झालेली माझी बहीण पदर खोचून आगटीभोवती दही वाढताना पाहून फार हसू आले. तुमचे सभापती सभासदांनाही कामाला लावतात वाटते!

नवा दवाखाना त्यांच्याच गावी, हे तिथेच ठरले ते बरे झाले. अर्जुनराव बोलले आणि सगळे हो म्हणाले. तू तेव्हा माझ्याच द्रोणात वाढत होतीस. सूनबाई चांगुणाला पुन्हा दिवस गेल्याचे कळले. तिला जपावे. इकडची काळजी नसावी.
तुझा दादा, शेषराव

॥ श्री ॥
सावरखेडी, ता. २१ जानेवारी १९६४

ती. दादांस शि. सा. न. वि. वि. काल समितीची सभा झाली. दवाखाना आमच्या गावाला मागायला मी उभी राहिले. मागच्या श्रावणात नदीला पूर होता, पलीकडच्या दवाखान्यात जाता आलं नाही आणि चांगुणाचं बाळ काठावर बैलगाडीतच गेलं, हे सारं मनात जुळवून गेले होते. पहिलं वाक्यही पुरं झालं नाही. अर्जुनराव हसून म्हणाले, की ताई, हे त हुरड्यालेच ठरलं, तुमी होत्या ना तिथं. मग चहा आला. ठराव एकमताने झाला, म्हणजे त्यात माझंही मत आलं.

दादा, मी तिथं सभासद म्हणून गेले होते. त्यांच्या मंडळींनी दह्याचं भांडं हातात दिलं नि मी ते घेतलं. राग यायला हवा, पण येत नाही. स्वयंपाक करते, जेवते, झोपते. तुम्हीही हो म्हणालात का, तेवढं कळवा.
तुमची कोकिळा

॥ श्री ॥
अमडापूर, ता. २८ जानेवारी १९६४

चि. सौ. कोकिळेस आशीर्वाद. हो, मीही मान हलवली. पाहुण्याने आणखी काय करायचे? तुझ्या दवाखान्याचे तेव्हा ध्यानातच आले नाही. चांगुणाला माहेर नाही, तर बाळंतपणाला आमच्याकडे धाड. इथे दाई शेजारीच आहे. मनाला फार लावून घेऊ नकोस.
शेषराव

॥ श्री ॥
सावरखेडी, ता. २ जून १९६४

ती. दादांस शि. सा. न. वि. वि. नदी कोरडी आहे तोवर चांगुणाला पाठवते आहे. हे पत्र तिच्याच हाती देते. सकाळी बोचकं बांधताना तिनं विचारलं, की आपल्या गावात दवाखाना कधी होईन. मी म्हटलं, पंचायत समिती ठरवेल तेव्हा. ती हसली नि म्हणाली, की म्हणजे तुमीच ठरवसान ना, आत्याबाई.

मी हो म्हटलं.

वहिनींना नमस्कार. पोरीवर माया ठेवा.
कोकिळा