तळ्याच्या मधोमध तुमची बहीण

मेहुणेबुवा,

हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, दमा ताब्यात आहे ना, आणि तुमच्या बहिणीची तब्येत? (ती आठवडाभर तुमच्याकडेच आहे, म्हणून तुम्हालाच विचारतो. मला ती काही कळवत नाही.) ती रागावून का आली हे तिने तिच्या बाजूने सांगितलं असेलच. आता माझी बाजू ऐका. माझी शाळा अर्धवट सुटली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मोबाइलच्या सगळ्या भानगडींपासून मी लांब होतो. मुलगा सांगून थकला, वेळ वाचतो, रांग चुकते, सूट मिळते. पण वाचलेल्या वेळाचं मी करणार काय? (रांगेत निदान चार माणसं भेटतात.) मग तुमची बहीण संध्याकाळी मैत्रिणींबरोबर फिरायला जाऊ लागली आणि माझा जीव टांगणीला लागला. ती इकडेतिकडे न बघता रस्ता ओलांडते, तुम्हाला ठाऊकच आहे. मी खिडकीतून दारात, दारातून खिडकीत. शेवटी सूनबाई वैतागली, "बाबा, बसा बघू एका जागी!" म्हणाली आणि माझ्या मोबाइलवर काहीतरी केलं. मेहुणेबुवा, काय सांगू! काचेवर आपली गल्ली, कोपऱ्यावरचं औषधाचं दुकानसुद्धा, आणि त्यातून तुमच्या बहिणीचा वाटाण्याएवढा चेहरा हळूहळू चाललाय! एवढ्या अफाट जगात माझं माणूस नेमकं कुठे आहे, हे त्या काचेला कळतं. अंगावर काटा आला. हात आपोआप जोडले गेले (मोबाइल खाली पडला, पण चालू राहिला). त्यानंतर विजेचं बिल, गोळ्या, सगळं मोबाइलवरच होऊ लागलं, मी ना म्हटलं नाही. मध्ये मोबाइल कंपनीतल्या मुलीचा फोन आला, आजोबा, ही सेवा का घेतलीत, सोय म्हणून, बचत म्हणून की कुणी सुचवली म्हणून? मी म्हटलं, बायको रस्ता बघून ओलांडत नाही म्हणून. ती म्हणाली, असा पर्याय नाही.

तर गेल्या आठवड्यात बघतो तो काय, तुमची बहीण तळ्याच्या मधोमध! काठावर नव्हे, पाण्यात, आणि हलत नाही. एवढ्या ज्ञानी काचेवर मी कोण अविश्वास दाखवणार? एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात सुनेची, असा ओरडत धावलो. न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच ठेवून आला, नाववाल्याने नाव सोडली. आणि ही काठावरच्या बाकावर मैत्रिणींत बसून शेंगदाणे खातेय! (सून म्हणते, काच कधी कधी चार पावलं चुकते. हे आधी सांगायचं नाही?) "मला बुडवायची एवढी घाई झाली होती का?" सगळ्यांदेखत एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून तुमच्याकडे. जाताना काचेवरचा चेहराही पुसून गेली.

माझं काही मागणं नाही. इथे उत्तम चाललंय, रोज भरपूर हिंडतो, असं तिला सांगा.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. हिंडण्याचं खरं नाही. सून म्हणाली, बाबा, तुमचा चेहरा आईंच्या मोबाइलवर अजून दिसतो. म्हणजे मी या खुर्चीतून उठत नाही हेही दिसत असणार. म्हणून आज मोबाइल सुनेच्या पिशवीत घालून बाजारात पाठवलाय. तिला रागावून बोलू नका. फक्त काचेवर परत ये म्हणावं. घरी नाही आली तरी चालेल, दिसू दे.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात सून परतली. भाजीच्या दुकानात तिला तुमच्या बहिणीचा फोन आला म्हणे. "हा माणूस दोन गल्ल्या कुठे दम न खाता, कुणाशी वाद न घालता चालला? मोबाइल कुणाकडे आहे? आणि ते कुठे आहेत?" मेहुणेबुवा, इतक्या लांबून, नुसत्या चालीवरून! काच आपली चार पावलं चुकते. मी घाबरत मोबाइलात बघितलं, तर तिचा चेहरा परत आलाय, तुमच्या फाटकातून निघालाय आणि भलत्या वेगात इकडे येतोय. हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा ती माझ्यासमोर बसून मला बोलत असेल. नीट पोचेल की नाही याची काळजी करू नका. मी बघतोय.