झाकण न पडणारा कप्पा

ता. ३ मार्च

चि. मधली आणि चि. धाकटा यांस, अ. उ. आ.

भावंडांनो, दारूनं आपल्या घराला चारचौघांत मान खाली घालायला लावली, हा सल आपल्या तिघांचा आहे. धाकट्या, काल तुझ्या छापखान्याच्या फाटकापाशी व्यसनमुक्तीच्या सभेत मी तुझंच उदाहरण दिलं. चालताना झोकांड्या, बोलताना जड जीभ. शंभर कामगार रोज बघतातच. सख्खा भाऊ म्हणून गप्प बसले असते, तर माझ्या भाषणांना अर्थ काय? राग आला तर येऊ दे, पण बाटली सोड. मधले, तू त्याला पाठीशी घालू नकोस.

जीव आहे म्हणूनच कठोर झालेली,
ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

भाषण फर्मास झालं. दुसऱ्याच दिवशी मालकांनी मला कागद कापायच्या यंत्रावरून उठवून गोदामात बसवलं. मी थेंबही घेत नाही, हे तीनदा सांगितलं होतं. पण तुझ्यापुढे बोलायची कुणाची टाप!

मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी पाय जुळवून डोळे मिटायला लावले, तर मी त्यांच्याच अंगावर कोसळलो. रक्त तपासलं, तर त्यात ई जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. बाईंनी चित्र काढून दाखवलं. यकृतात एक प्रथिन असतं, त्याच्या घडीत एक कप्पा. हे जीवनसत्त्व त्यात नेमकं बसतं, वर झाकण पडतं, आणि ते पुन्हा रक्ताच्या हवाली होतं. माझ्या कप्प्याचा आकारच जन्मतः बिघडलाय. खाल्लेलं यकृतापर्यंत पोचतं, पण राहत नाही, बाहेर जातं. त्यावाचून नसा झिजतात. आता मोठी मात्रा रोज, जन्मभर. झीज थांबेल, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, म्हणाल्या. दोष आई-बाबा दोघांकडून आलेला, तेव्हा तुम्ही दोघींनीही तपासून घ्या. मधलीलाही लिहिलंय.

तुझी माया आटली नसेल असं धरून चालणारा (आणि भिंत धरूनही),
धाकटा

ता. २ एप्रिल

चि. मधलीस, अ. उ. आ.

धाकट्याचं पत्र वाचलं. व्यसनावरची कपाटभर पुस्तकं वाचली मी, आणि सख्ख्या भावाचं तोंड एकदा हुंगून बघितलं नाही! काल त्याच फाटकापाशी, त्याच माणसांसमोर त्याची माफी मागितली. तो वर म्हणतो कसा, आजचं भाषण आटोपशीर झालं.

माझं रक्त ठीक निघालं. मग तुझी चिठ्ठी आली आणि तुझंही कळलं. वर्षभर कठडा सोडून तू जिना उतरलेली नाहीस. शिवणाच्या सुईत दोरा ओवायला तुला चार-चार खेपा लागतात. मला सांगणारच होतीस, पण धाकट्याचे मी काय धिंडवडे काढले ते ऐकून तोंड शिवून घेतलंस. आता तपासणीलाही नको म्हणतेस, लोक काय म्हणतील म्हणून! कुठले लोक गं? मीच की ती. माझ्या धाकानं महिनाभर तुझ्या नसा झिजत राहिल्या, हे मला गिळता येत नाही.

औषध जितकं लवकर, तितकं जास्त वाचेल, असं डॉक्टरीणबाई सांगतात. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, हवं तर हे पत्र फाडून टाक. पण उद्या सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात जा आणि रक्त दे.

तुझ्या मायेचा हक्क गमावून बसलेली,
ताई