आयेशा मूव्ही चॅनेलला तीन दिवस सरकारी सील ठोकण्याबाबत

प्रति,
मा. करमणूक कर निरीक्षक साहेब,
तालुका कार्यालय, जि. अहमदनगर.

अर्जदार : गनीभाई तांबोळी, केबलचालक, मु. पो. पिंपळदरा.
विषय : अर्जदाराचे स्वतःचेच चॅनेल दि. ६ ते ८ डिसेंबर बंद पाडून मिळणेबाबत.
संदर्भ : साहेबांची दिवाळीतली तपासणी.

महोदय,

१. अर्जदाराने सन १९९३ साली ओसरीवर व्हीसीपी, म्हणजे कॅसेट लावायचे मशीन, मांडून थोरल्या मुलीच्या नावाने चॅनेल सुरू केले. दुपारी एक चित्रपट, रात्री एक. खालच्या पट्टीत वाढदिवस, मयत, हरवलेली शेळी. गावाला ते इतके लागले की केबल असे कोणी म्हणतच नाही. "आयेशा लागली का?" एवढेच विचारतात. अर्जदाराला आधी याचा फार अभिमान वाटे. आता तेच गळ्याशी आले आहे.

२. चार वर्षांत अर्जदार बाहेरगावी मुक्कामाला गेलेला नाही. एकदा ताप आला म्हणून शेजारच्या रंगनाथला मशीनवर बसवले. त्याने दोन कॅसेटींच्या चित्रपटाची दुसरी आधी लावली. नायक अगोदर मेला, मग प्रेमात पडला. आपण फुकट रडलो म्हणून लंकाबाई अजून रंगनाथशी बोलत नाहीत. तेव्हापासून गाव मशीनला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही. अर्जदाराचे वडील वारले त्या दिवशीही माती देऊन परतलेल्या मंडळींनी, मान खाली घालून का होईना, दुपारच्या चित्रपटाचे विचारले. अर्जदाराने लावला.

३. खुद्द आयेशाचा निकाह रविवारी, ७ डिसेंबरला, खर्ड्याला अर्जदाराच्या भावकीत ठरला आहे. अर्जदाराने सुट्टी मागितली. सरपंच गोरक्षनाथ अण्णांनी सभा घेऊन तोडगा काढला : निकाहाचे व्हिडिओ शूटिंग गावाने करवून द्यावे, कॅसेट सोमवारी एसटीने यावी आणि अर्जदाराने ती चॅनेलवर लावावी. "म्हंजी बापाला बी बघाया मिळंल अन् आमाला बी," असे ते म्हणाले. टाळ्या पडल्या. साहेब, बापाने पोरीची पाठवणी मशीनमध्ये घालून बघायची! घरवाली मुबारकबी ट्रंक घेऊन पुढे गेली. जाताना म्हणाली, "न्हाई आलात तर सांगून टाकीन, पोरीला बाप न्हाई." तेव्हापासून अर्जदाराला जेवण गोड लागत नाही.

४. गाव अर्जदाराचे ऐकत नाही, सरकारचे मात्र ऐकते. म्हणून खर्ड्यालाच झालेल्या साखरपुड्याच्या वेळी, दिवाळीतही, अर्जदाराने सील मागितले होते. साहेब आले. लाख वितळवायला काडी काढली, तेवढ्यात "इंटरव्हल होऊ द्या" म्हणून ओसरीवर टेकले, शेवटपर्यंत बसले आणि 'चित्र स्वच्छ दिसते' असा शेरा मारून गेले. साखरपुडा अर्जदाराविना झाला. याबद्दल तक्रार नाही. चित्रपट चांगला होता.

५. तरी शनिवारी ६ तारखेला सकाळीच, काहीही लागायच्या आत यावे, टीव्हीकडे पाठ करून सील ठोकावे आणि अर्जदाराला खर्ड्याच्या एसटीत बसू द्यावे, ही हात जोडून विनंती. अर्ज घेऊन अर्जदार स्वतः आलेला नाही. दुपारचा चित्रपट चालू आहे.

आपला नम्र, जागचा न हलता सही करणारा,
गनीभाई तांबोळी
(आयेशाचे वडील)
दि. १ डिसेंबर १९९७

सोबत :
१) निकाहाची पत्रिका.
२) साहेब ओसरीवर विसरलेली लाखेची कांडी. काडेपेटी नवी दिली आहे.