चौदा दिवसांत नितळ चेहरा

२ जून, सकाळ
बेत पक्का. माझ्या रुओलानचे वडील, शेन वैद्य, मुरुमांच्या औषधासाठी अख्ख्या चोंगचिंगमध्ये प्रसिद्ध. त्यांच्याकडे साधा पेशंट म्हणून जायचं. नाव रूममेटचं द्यायचं, मेंग. (त्याची हरकत नाही. विचारलेलं नाही.) चौदा दिवसांत चेहरा नितळ, वैद्य खूश, मग खरं नाव सांगून मुलीला मागणी घालायची. रुओलान म्हणाली, त्यापेक्षा सरळ घरी ये ना. तिला डावपेच कळत नाहीत.

२ जून, दुपार
वैद्यांनी मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी पाहिली. मग म्हणाले, जीभ काढ. काढली. जाड पिवळा थर आहे, अंगात उष्णता भरलीय, तो तिखट रश्शाचा हॉटपॉट किती वेळा खातोस? म्हणालो, सणासुदीला. ते नुसतं ‘हं’ म्हणाले. छाप पडली!
चौदा दिवस काढा. तिखट, तळलेलं, मटण, बिअर, जागरण बंद. मुरुम: अकरा.

३ जून
काढा मातीच्या भांड्यात तासभर उकळला. मेंगनं खिडक्या उघडल्या आणि विचारलं, मोजे शिजवतोयस का? चव त्याहून वाईट. पण एका वाटीतच गाल हलके वाटतायत.

६ जून
ऑफिसची पार्टी. अर्थात हॉटपॉट, मधोमध उकळता लाल रस्सा, सगळे त्यात शिजवून खाणार. मी निग्रहानं दुभागलेलं भांडं मागवलं, अर्धा रस्सा लाल, अर्धा बिनतिखट पांढरा. लियाओसाहेब म्हणाले, “काय रे, बाळंत झालास की त्या गोडखाऊ शांघायला राहायला गेलास?” सगळे खिदळले. शेवटी इज्जतीचा प्रश्न आहे. तोडगा काढला: लाल रश्शात शिजवायचं, पांढऱ्यात धुवायचं. धुतलं की तिखट जातं. नऊच्या सुमारास पांढरी बाजूही लाल झाली. भांड्याची बनावट सदोष.
बिअर फक्त घसा थंड करण्यापुरती. (चार.)

९ जून
तीन दिवसांचा काढा राहिला होता. आज एकदम प्यालो.

९ जून, दुपारी ४
सकाळपासून संडासात. विष बाहेर पडतंय. उत्तम लक्षण.

१३ जून
मुरुम: चौदा. एक नाकाच्या शेंड्यावर. म्हणजे आतले सगळे बाहेर आले, आत आता काही उरलं नाही. उद्यापासून कडक पथ्य.

१४ जून
आज मेंगचा वाढदिवस. उद्यापासून.

१५ जून
उद्या फेरतपासणी. रुओलान म्हणाली, बाबांना जीभ बघून सगळं कळतं. मग जीभच सुधारायची! टूथब्रशनं घासली. मग मिठानं. मग मेंगच्या टूथब्रशनं. बाळासारखी गुलाबी झाली. थोडं रक्त आलं, पण थर गेला.

१६ जून
आज रुओलान काउंटरमागे पुड्या बांधत होती. आम्ही दोघांनी ओळख दाखवली नाही.
वैद्यांनी जीभ पाहिली. चष्मा पुसून परत पाहिली. म्हणाले, “चाळीस वर्षं जिभा बघतोय. घासून आलेले पुष्कळ बघितले. सोलून आलेला तू पहिलाच. बस, लुओ.”
मेंग नव्हे. लुओ, माझं खरं नाव. रुओलाननं त्यांना दोन जूनच्या सकाळीच सगळं सांगितलं होतं.
मला खरंच रडू फुटलं. बोबड्या जिभेनं म्हणालो, काका, नाव खोटं, पथ्य खोटं, जीभ खोटी, पण रुओलानशिवाय मला जमणार नाही हे खरं आहे. त्यांनी परत मनगट धरलं. मग म्हणाले, एवढं मात्र खरं दिसतंय. आणि रुओलानकडे वळून, माझी हरकत नाही. ज्या दिवशी याचा चेहरा साफ होईल, त्या दिवशी लग्नाची तारीख काढू.
रुओलान हुंदके द्यायला लागली. वैद्य म्हणाले, “अगं वेडे, हो म्हटलंय मी!”
तिनं एकदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आणखी मोठ्यानं रडायला लागली. बिचारीला आनंद आवरेना.